दिवे मंद करायची कळ

मराठीत समीक्षा कशाची होते? कवितेची होते, कादंबरीची होते, नाटकाची तर पहिल्या अंकाचा पडदा पडायच्या आतच होते. आस्वादक, मर्मग्राही, आदिबंधात्मक असे तिचे पोटप्रकारही पुष्कळ. पण मोटारीच्या डॅशबोर्डवरल्या एका कळीची समीक्षा कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. ही उणीव भरून काढावी, असं गेले कित्येक दिवस मनात होतं. (‘उणीव भरून काढावी’ हे शब्द आले की लेखन विद्वत्तापूर्ण ठरतं, म्हणून ते पहिल्याच परिच्छेदात उरकून घेतले.)

कळ साधीसुधी नव्हे. एमजीबी नावाच्या इंग्रजी स्पोर्ट्‌स गाडीतली आहे. रात्री बाहेरचे दिवे लावले की वेगाचा काटा, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा, पेट्रोलचा काटा, तेलाच्या दाबाचा काटा अशा सगळ्या तबकड्यांच्या पोटात चिमुकले बल्ब लागतात, आणि ही काळी गोल कळ फिरवून त्यांचा उजेड कमी करता येतो. जगातली बहुतेक यंत्रं काहीतरी वाढवायला जन्माला येतात. वेग, आवाज, विजेचं बिल, मालकाची ऐट. निव्वळ कमी करण्यासाठी जन्माला आलेलं यंत्र म्हटल्यावर मला त्याच्याविषयी पहिल्यापासूनच आदर वाटला.

तुम्ही म्हणाल, जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस ह्या वाटेला गेलाच कसा? तर आमचं बिऱ्हाड गेली तीस वर्षं बर्मिंगहॅमच्या एका उपनगरात आहे आणि आमच्या भिंतीला भिंत लावून एक इंग्रज गृहस्थ राहतात. त्यांचं आडनाव निराळं आहे, पण सकाळी चहाचा मग घेऊन ते गॅरेजात शिरतात ते दुपारी दुसऱ्या मगासाठीच बाहेर येतात, हे पाहून आमच्या हिनं पहिल्या आठवड्यातच त्यांचं ‘गॅरेजकर’ असं बारसं करून टाकलं. नाव गाडीच्या बाजूनंही बरोबर आहे. एमजी म्हणजे मूळचं मॉरिस गॅरेजेस. एमजीबी १९६२ ते १९८० ह्या काळात अ‍ॅबिंग्डनला तयार होत असे आणि पाच लाखांवर निघाल्या. (त्याच अष्टकोनी बिल्ल्याच्या गाड्या २०१९ पासून आपल्या गुजरातेत हालोलला तयार होऊ लागल्या. त्यांच्या डॅशबोर्डवर कळीऐवजी टीव्हीएवढा पडदा असतो. तो आपला विषय नव्हे.)

गॅरेजकरांची गाडी १९६५ सालची. रंग ‘ओल्ड इंग्लिश व्हाइट’, म्हणजे साईसकट दुधाचा. फक्त डावा दरवाजा त्यांनी दोन वर्षांपूर्वी स्वतः रंगवला. त्याबद्दल मी काही बोलणार नाही.

दर गुरुवारी रात्री गॅरेजकर ही गाडी घेऊन दहा मैलांवरच्या एका पबात जातात. तिथे जुन्या गाड्यांचे मालक जमतात. आपल्याकडे भजनी मंडळ असतं, तसंच हे. फरक एवढाच, की इथे टाळ नसतात आणि प्रत्येकाचा विठोबा बाहेर पावसात उभा असतो. वाट शेताशेतांतून जाते. रस्त्यावर एक दिवा नाही, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची झुडपं. बायको गेल्यापासून गॅरेजकरांचा आठवडा गुरुवार ते गुरुवार असाच मोजला जातो. म्हणून परवाच्या हिवाळ्यात कुंपणावरून ते मला म्हणाले, “रात्री काटे दिसत नाहीत. बहुतेक गुरुवार बंद करावे लागणार,” तेव्हा आमच्या हिनं कढई गॅसवरून खाली उतरवली. आमच्या घरात परिस्थिती गंभीर झाल्याची ही खूण आहे.

पबातल्या मंडळाचं निदान तयारच होतं. लुकास!

ह्या नावाविषयी थोडं सांगितलं पाहिजे. जोसेफ लुकास हे ह्याच बर्मिंगहॅमचे. एकोणिसाव्या शतकात रॉकेलचे दिवे विकता विकता ते सायकलचे दिवे करू लागले आणि त्या दिव्यांना त्यांनी नाव दिलं ‘किंग ऑफ द रोड’, रस्त्याचा राजा. पुढे इंग्रजी मोटारींची वीज बहुतांशी लुकासच्याच हाती आली, आणि गाडीवाल्यांनी कंपनीला नवी पदवी दिली : ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’, अंधाराचा युवराज. इंग्रजीत ही पदवी खरी सैतानाची. राजाचा युवराज झाल्याचं, म्हणजे बढती उलट्या क्रमानं मिळाल्याचं, इतिहासात दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. इंग्रज माणूस बिअर कोमट का पितो? फ्रिज लुकासचा असतो म्हणून. लुकासच्या दिव्याच्या बटणाला तीन खुणा कोणत्या? मंद, लुकलुक आणि बंद. हे दोन विनोद मी त्या पबात एका रात्रीत चारदा ऐकले आणि चारही वेळा ते सांगणाराला पहिल्यांदाच सुचल्यासारखे सांगितले गेले.

विनोद बरे आहेत, पण त्यांतली समीक्षा आळशी आहे. घरात वीज एका तारेनं येते आणि दुसरीनं परत जाते. गाडीत परतीची लांब तार टाकत नाहीत. गाडीचं लोखंडी अंग हीच परतीची वाट. आता साठ वर्षं इंग्रजी पाऊस खाल्लेलं ते अंग, त्यावर गंजाचा थर, गंजावर रंग, रंगावर पुन्हा गंज. एका मळक्या स्क्रूनं वाट अडवली की पलीकडचा धडधाकट बल्ब मलूल होतो. नाव मात्र बल्बवाल्याचं वाईट. त्यातून ह्या तबकड्यांचे बल्ब मुळातच गरीब. एकेक २.२ वॅटचा. चारपाच मिळून दहा-अकरा वॅट. मागचा ब्रेकचा एकटा बल्ब २१ वॅटचा असतो. म्हणजे अख्ख्या डॅशबोर्डचं तेज मागच्या एका लाल दिव्याच्या निम्मं. एवढ्या तुटपुंज्या मिळकतीत प्रत्येक मळक्या जोडानं आपापली दलाली कापली तर काट्यापर्यंत काय पोचणार?

गॅरेजकरांनी मग पोथी काढली.

पोथी म्हणजे हेन्सचं मॅन्युअल. ह्या वाङ्मयप्रकाराची आपल्या विद्यापीठांनी दखल घेतली नाही, हे मात्र खरोखर खेदाचं आहे. जॉन हेन्स ह्या गृहस्थांनी शाळकरी वयात, १९५६ साली, जुन्या ऑस्टिन सेव्हनमधून आपली स्वतःची गाडी कशी बांधावी ह्यावर पुस्तक काढलं. पुढे हवाई दलात असताना एडनला एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट दुरुस्त करायची वेळ आली, तेव्हा त्यांना दिसलं की कंपनीचं पुस्तक हे कंपनीच्या मेकॅनिकसाठी आहे, आपल्यासारख्यासाठी नाही. मग त्यांनी गाडी सुटी करता करता पायरीपायरीचे फोटो घेतले. १९६६ साली त्या स्प्राइटचं पुस्तक निघालं आणि पुढे एमजीबीसकट शेकडो गाड्यांची निघाली. २०२० साली प्रकाशकांनी नव्या गाड्यांची छापील पुस्तकं बंद करत असल्याचं जाहीर केलं.

ह्या पुस्तकाला आपल्याकडे तोड शोधायची तर ती कमलाबाई ओगल्यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’चीच. दोघांचीही वाचकावर श्रद्धा आहे. तुला जमेल, हा दोघांचा स्थायीभाव. पण समीक्षकानं दोषही दाखवले पाहिजेत. हेन्स वस्तू कशी काढायची ते पानभर तपशिलानं सांगतात आणि परत कशी बसवायची ह्याला एक वाक्य : जशी काढली त्याच्या उलट. हे म्हणजे पातळ सोडायला सांगून, नेसणं त्याच्या उलट, असं म्हणण्यासारखं आहे. शिवाय त्यांच्या कल्पनेतल्या वाचकाला तीन हात असतात आणि कोपराला हाड नसतं.

विजेचा नकाशा तर नवकाव्यालाही मागे सारतो. चित्र काळ्यापांढऱ्यात, त्यामुळे तारांचे रंग अक्षरांनी दाखवलेले. लाल म्हणजे आर, हिरवा म्हणजे जी, इथवर ठीक. पण ‘बी’ हे अक्षर काळ्यानं पहिल्यांदा पटकावलं, म्हणून निळ्याला मिळालं ‘यू’ आणि तपकिरीच्या वाट्याला आलं त्याच्या नावाचं अगदी शेवटचं अक्षर, ‘एन’. एकत्र कुटुंबात धाकट्या सुनेच्या पानात उरलंसुरलं पडावं, तसं. मात्र एकदा हे व्याकरण कळलं की त्यासारखं सुंदर काही नाही. लाल तार बाहेरच्या छोट्या दिव्यांची. ती आपल्या कळीपाशी येते. कळीतून पुढे निघते ती लालच, पण अंगावर पांढरी रेघ घेऊन. लाल म्हणजे आधी, लाल-पांढरी म्हणजे नंतर. काळी म्हणजे परतीची. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी ठरवलं आणि डोळे असलेल्या कुणालाही आजही वाचता यावं, अशी ही लिपी.

मी पोथी वाचायची आणि गॅरेजकरांनी तिचा अर्थ लावायचा, अशी कामाची वाटणी झाली. आधी बॅटरी सोडवायची. ती एक नाही, दोन आहेत. सहा-सहा व्होल्टच्या, सीटांच्या मागे गालिच्याखाली दडवलेल्या. शिवाय गाडीच्या अंगाला जोडलेलं टोक धन, ऋण नव्हे. १९६७ च्या अखेरीस कंपनीनं ते उलटं केलं, पण ही गाडी त्याआधीची. पाहणीपुरती ती परत जोडली आणि ७८ वर्षांचे गॅरेजकर गाडीत उलटे शिरले. डोकं पेडलांपाशी, पाठ सीटवर, पाय मोकळ्या टपातून आभाळात. आमच्या हिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे पाहिलं आणि चहात साखर दोनदा घातली.

हातात एक साधा बल्ब, दोन तारा लावलेला. ह्या गरीब हत्याराइतका निःपक्षपाती समीक्षक मी पाहिलेला नाही. एक तार गाडीच्या अंगाला, दुसरी कळीच्या लाल बाजूला. लख्ख! म्हणजे कळीपर्यंत वीज येते. आता पलीकडच्या बाजूला. अंधार. कळ फिरवली, मध्येच एकदा काजवा चमकला, परत अंधार. गुन्हा कळीच्या पोटात घडत होता. (आमच्या गाडीतला हा अक्षरशः कळीचा मुद्दा.)

ह्या पोटात असतं काय? ऱ्हिओस्टॅट. विजेला अडवणाऱ्या बारीक तारेचं एक वेटोळं आणि त्यावरून सरकणारं धातूचं एक बोट. बोट जितकं लांब सरकेल तितकी जास्त तार विजेला चालावी लागते, आणि ती दमून बल्बापाशी पोचते. बस. पण वर्षानुवर्षं ही कळ कुणी फिरवलीच नाही तर वेटोळ्यावर काळा पापुद्रा धरतो आणि बोट त्याच्यावरच बसून राहतं. वापरल्यानं झिजणाऱ्या वस्तू पुष्कळ, ही न वापरल्यानं बिघडलेली. ह्यात करणाराचा काय दोष? आणि खरा खलपुरुष तर पुढेच होता. लाल-पांढरी तार जिथे हवी तिथे दारावरच्या घंटीची फिकट पिवळी तार निघाली, पिळून जोडलेली आणि चिकटपट्टीनं गुंडाळलेली. पूर्वीच्या कुणा मालकाची करणी. साठीच्या दशकात आपल्याकडे लघुअनियतकालिकांतून कवी व्याकरण मोडत, पण त्यामागे निदान भूमिका तरी असे. ह्या इसमाची भूमिका एवढीच, की घंटीची तार हाताशी होती.

गुरुवारी मंडळापुढे अहवाल गेला आणि तीन मतप्रवाह प्रकट झाले. बहुमत म्हणालं, कळ सोडा, लाल आणि लाल-पांढरी सरळ एकमेकींना जोडा, दोन मिनिटांचं काम. खरं आहे. दिवे लागतील आणि लागलेले राहतील. मग डॅशबोर्डवर ती कळ उरेल ती निवृत्त अध्यक्षासारखी. फिरते, पण कशावर परिणाम नाही. मला हे पटलं नाही, आणि कारण भावनेचं नाही, डोळ्याचं आहे. गुडघ्यांपाशी उजेड जास्त झाला की डोळ्याची बाहुली आक्रसते, तबकड्यांचं प्रतिबिंब समोरच्या काचेत तरंगायला लागतं आणि बाहेरच्या काळ्या रस्त्यावरची सायकल दिसेनाशी होते. आत कमी करायचं ते बाहेरचं दिसावं म्हणून. रस्त्यावर दिवे असलेल्या शहरात ही कळ चैन वाटेल. दहा मैल झुडपांतून जाणाऱ्याला ती चैन नाही.

एका तरुण सभासदाचं (वय ६१) मत पडलं की एलईडी बसवा. पण एलईडीला वीज कुठल्या दिशेनं येते ह्याचे सोवळेओवळे फार. धन टोक अंगाला जोडलेल्या ह्या गाडीत दोन्ही दिशा चालणारेच घ्यावे लागतात. आणि ते इतकी थोडी वीज खातात, की आमच्या म्हाताऱ्या वेटोळ्याला त्यांना अडवण्याजोगं काही उरत नाही. कळ फिरवा, ते तसेच टकटकीत. तिसरा पक्ष सनातनी. त्याला डब्यातून न काढलेली, त्याच सालची, त्याच कारखान्याची कळ हवी होती. साठ वर्षं न वापरलेली वस्तू न वापरल्यानं बिघडलेल्या वस्तूच्या जागी बसवायची, ह्यातला तर्क मला समजला नाही. चौथं, कुणाच्याच लक्षात न आलेलं मत पोथीचं नि गॅरेजकरांचं : आहे ती स्वच्छ करून बघू.

बॅटरी पुन्हा सोडवली. कळीच्या टोपणाच्या मानेला टाचणीच्या डोक्याएवढं भोक असतं. त्यात बारीक खिळा घालून आतली खुंटी दाबली की टोपण सुटतं, मग कडं सोडवायचं आणि अख्खी कळ मागून हातात येते. वेटोळं पेन्सिलीच्या खोडरबरानं हलकेच पुसलं, फवारा मारला आणि गॅरेजकर खुर्चीवर बसून कळ फिरवत राहिले. पुढे-मागे, पुढे-मागे. तीसचाळीस वेळा. हातात माळ नव्हती एवढंच. तपासणीच्या बल्बाचा काजवा हळूहळू कंदील झाला. घंटीची तार हद्दपार झाली, लाल-पांढरी आली, प्रत्येक तबकडीला नवा बल्ब आणि परतीची खात्रीची काळी तार मिळाली. तबकडीच्या पोटात हिरवट-निळसर पारदर्शक तुकडा असतो. तो उपटला की उजेड वाढतो, असा सल्ला मंडळात मिळाला होता. गॅरेजकर म्हणाले, “तो रंग असू द्या. तिला आवडायचा.” ‘तिला’ म्हणजे गाडीला नव्हे, हे मला जरा उशिरा समजलं.

गॅरेजचं दार लावून घेतलं. गाडीचे दिवे लावले. डॅशबोर्डवर तळ्याच्या पाण्यासारखा हिरवा उजेड उमटला. मी म्हटलं, “वा! पेट्रोल अर्धी टाकी.” गॅरेजकर काटा बघत राहिले. कळ पूर्ण उजेडावर नेली. पुढे वाकले. “अजून मंदच आहे,” म्हणाले.

बल्बापाशी मोजलं. पुरेपूर. मला ७० चा आकडा, त्याखालची बारीक अक्षरंसुद्धा दिसत होती. आता समीक्षकाची खरी पंचाईत असते ती अशा वेळी. कृती निर्दोष आहे हे दिसतंय आणि दोष रसिकाच्या बाजूला आहे हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यातून पुढच्या वर्षी त्यांना ७९ पूर्ण होणार. इथे सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी लायसन नवं करावं लागतं, आणि नजर ठीक असल्याचं ज्याचं त्यानंच लिहून द्यायचं असतं. वीस मीटरवरची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. लिहून देणं गॅरेजकरांना अवघड नव्हतं. सही करायला काटे दिसावे लागत नाहीत.

तेवढ्यात ही चहा घेऊन आली. हिनं इथल्या एका इस्पितळात डोळ्यांच्या विभागात बावीस वर्षं नर्स म्हणून काढली आहेत, आणि समीक्षेची भाषा तिला येत नाही. ती मला मराठीत म्हणाली, “अहो, तुम्ही दिव्याचं काय करत बसलाय?” आणि त्यांना इंग्रजीत विचारलं, “समोरून गाडी आली की तिच्या दिव्याभोवती कडं दिसतं का?”

“तीन हिवाळे दिसतंय,” गॅरेजकर म्हणाले. “मला वाटलं, काच जुनी झाली.”

“काच जुनीच झालीये,” ही म्हणाली. “पण गाडीची नाही.”

गॅरेजात बराच वेळ कुणी बोललं नाही. मग गॅरेजकरांनी कळ फिरवून दिवे मालवले, गाडीची किल्ली काढली आणि खिळ्याला अडकवली. ती पुढे पाच महिने तिथेच होती. गुरुवारी मी त्यांना माझ्या गाडीतून पबात नेत असे. माझी गाडी किती उजेड हवा ते स्वतःच ठरवते, मला विचारत नाही. गॅरेजकर शेजारी बसून तिच्याकडे, सून फार हुशार असल्याचं ऐकलेल्या सासऱ्यासारखं पाहत.

मोतीबिंदू आधी एका डोळ्याचा निघाला, मग दुसऱ्याचा. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटल्यावर एका संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघांना गॅरेजात बोलावलं. दिवे लावले. हिरवा उजेड उमटला. त्यांनी डोळे बारीक केले, “फार आहे,” म्हणाले आणि कळ फिरवून उजेड निम्म्यावर आणला. मी पोथी मिटणार, इतक्यात ते खाली उतरले, गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि डाव्या दरवाजापाशी थबकले. दरवाजाकडे पाहिलं, मग बाकीच्या गाडीकडे, मग परत दरवाजाकडे.

“हा पांढरा वेगळा आहे,” ते म्हणाले. “दोन वर्षं कुणी मला सांगितलं कसं नाही?”

हिनं माझ्याकडे पाहिलं. मी पोथीतलं रंगकामाचं प्रकरण काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो.